निकाल, गाव आणि विद्यापीठ : सुट्टीचे दोन महिने

मे महिना उजाडला की राबोडी, मुंब्रा, कौसा, भिवंडी आणि कल्याणच्या रेतीबंदर परिसरातील घरांत दोनच विषय असतात. निकाल कधी लागणार आणि गावी कधी निघायचं? दिव्याहून सुटणाऱ्या सावंतवाडी गाडीला पाय ठेवायला जागा नसते. लग्नं याच दिवसांत, आंब्या-फणसाचा हंगाम याच दिवसांत आणि अलीकडच्या वर्षांत बकरी ईदही याच सुमारास येते. गावी जायलाच हवं. आजी-आजोबांना, चाचा-फुफींना नातवंडं भेटायची ती एवढीच वेळ.

पण बारावीचा निकाल लागून महाविद्यालयांचे प्रवेश सुरू होतात तेही याच दिवसांत. घर गावी असतं, मुलाची किंवा मुलीची कागदपत्रं शहरातल्या कपाटात असतात आणि अर्जाची तारीख निघून जाते. मग जे मिळेल ते कॉलेज, जी मिळेल ती शाखा. मुलीच्या बाबतीत तर पुष्कळदा ‘एक वर्ष घरीच राहू दे’ असं ठरतं आणि ते एक वर्ष कधीच संपत नाही. म्हणून या महिन्यात आम्ही सुट्टीबद्दल, विद्यापीठाबद्दल आणि गावच्या वाटेवर उरकता येतील अशा कामांबद्दल लिहायचं ठरवलं.

विद्यापीठ आता दाराशी आहे

मुंबई विद्यापीठाची स्थापना 18 जुलै 1857 ची. आपल्याकडे अजूनही विद्यापीठ म्हटलं की फोर्टमधला राजाबाई टॉवर किंवा कलिना डोळ्यांसमोर येतं आणि ‘एवढ्या लांब मुलीला कसं पाठवायचं’ हा प्रश्न लगेच मागून येतो. पण ठाण्यात बाळकुमला विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. तिथे बारावीनंतरचे पाच वर्षांचे एकात्मिक अभ्यासक्रम चालतात, त्यात कायद्याचा आहे आणि व्यवस्थापनाचाही. कल्याणच्या उपकेंद्रात अभियांत्रिकी व उपयोजित विज्ञानाचं शिक्षण मिळतं. शिवाय कल्याणला मुरबाड रस्त्यावरचं बिर्ला महाविद्यालय 1972 पासून आहे, ठाण्याला चेंदणी बंदराजवळ जोशी-बेडेकर आणि बांदोडकर महाविद्यालयं आहेत, डोंबिवलीत पेंढरकर आहे. मुंब्र्याहून लोकलने ठाणे किंवा डोंबिवली गाठायला फार वेळ लागत नाही.

आणखी एक गोष्ट फार कमी घरांना ठाऊक असते. याच विद्यापीठाच्या कक्षेत ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे येतात. रत्नागिरीलाही उपकेंद्र आहे. म्हणजे आपलं शहरातलं घर आणि कोकणातलं घर, दोन्ही एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली आहेत.

उन्हाळ्यात विद्यापीठ बंद असतं हाही गैरसमज. वर्ग नसतात, पण कॉलेजं जागी असतात. पावसाळ्यात विद्यापीठाच्या युवा महोत्सवाच्या विभागवार फेऱ्या होतात. त्यांच्या एकांकिका, नृत्यं, वक्तृत्व यांच्या तालमींची जुळवाजुळव सुट्टी संपता संपता सुरू होते. या महोत्सवात चित्रकला, रांगोळी यांच्याबरोबर मेंदीचीही स्पर्धा असते. ईदच्या चाँदरातीला अख्ख्या इमारतीच्या हातांवर मेंदी काढणारी मुलगी आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहे. तिला हे कुणी सांगितलंच नाही, एवढंच.

राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे एनएसएस, 1969 साली 37 विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत 240 तास समाजासाठी द्यायचे असा तिचा नियम. विद्यापीठाच्या आजीवन अध्ययन व विस्तार विभागातही अशीच कामं असतात. महिलांच्या स्थितीचं सर्वेक्षण हा त्यांतलाच एक उपक्रम. आपल्या वस्तीतल्या घराघरांत जाऊन बायकांशी बोलायचं तर त्या वस्तीतल्या मुलीपेक्षा हे काम कोण चांगलं करील? जी मुलं पुढच्या वर्षी कॉलेजात जाणार आहेत त्यांनी या दोन योजनांची चौकशी प्रवेश घेतानाच करावी.

नव्या शैक्षणिक धोरणाने सुट्टीला आणखी वजन आलं आहे. पदवीचं पहिलं वर्ष करून कुणाला घरच्या अडचणीमुळे थांबावं लागलं, तर उन्हाळ्यात चार श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर प्रमाणपत्र मिळण्याची सोय त्यात आहे. शिक्षण अर्धवट सुटलं तरी हात रिकामा राहत नाही आणि परतीची वाट उघडी राहते.

गावी जाल तेव्हा

आता सगळ्यांत महत्त्वाचं. महाराष्ट्रात 7 डिसेंबर 1994 च्या शासन निर्णयानंतर मुस्लिम समाजातील अनेक व्यावसायिक जमातींना इतर मागासवर्गाच्या सवलती खुल्या झाल्या. मोमीन, बागवान, तांबोळी, पिंजारी यांसारख्या घरांतल्या मुलांना त्याचा उपयोग होतो. त्यासाठी पुरावा लागतो तो 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा. त्या तारखेला आपले वाडवडील जिथे राहत होते, तिथल्या प्रांत कार्यालयातून जातीचा दाखला घ्यावा लागतो. मुंब्र्यात तीस वर्षं राहिलो म्हणून तो ठाण्यात मिळेलच असं नाही.

मग हा पुरावा कुठे असतो? गावच्या शाळेत. दादांचं किंवा त्यांच्या भावाचं नाव शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये असतं, त्यापुढे जातीची नोंद असते. ग्रामपंचायतीच्या किंवा तहसीलच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींत असतो, जुन्या सातबाऱ्यावर कुटुंबाचा रहिवास दिसतो. शाळेला सुट्टी लागली की गुरुजी भेटत नाहीत, म्हणून गावातल्या नातेवाइकांना आधीच फोन करून ठेवावा. आजोबा हयात असतील तर ते कोणत्या शाळेत शिकले, त्यांच्या वडिलांचं नाव कागदावर कसं लिहिलं गेलं, हे त्यांच्याजवळ बसून लिहून घ्यावं. ‘शेख’, ‘शे.’, ‘अब्दुल’, ‘अ.’ अशा फरकांवर पुढे महिने जातात.

ज्यांची घरं खुल्या प्रवर्गात आहेत, आणि कोकणातली पुष्कळ घरं तशी आहेत, त्यांच्यासाठी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचं 10 टक्के आरक्षण आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं. त्या दाखल्यालाही महाराष्ट्रातल्या 1967 पूर्वीच्या रहिवासाचा पुरावा लागतो. म्हणजे गावच्या शाळेची वारी कुणालाच चुकत नाही.

हे कागद कशासाठी, तेही पाहा. 2024-25 या शैक्षणिक वर्षापासून राज्य सरकारने मुलींसाठी मोठी सवलत दिली आहे. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल आणि मुलगी इतर मागासवर्ग किंवा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकात येत असेल, तर केंद्रीभूत प्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या प्रवेशाला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ‘मुलीच्या इंजिनिअरिंगला एवढा पैसा कुठून आणायचा’ असं म्हणणाऱ्या किती अब्बांना हे माहीत आहे? आमच्या परिचयातल्या एका घरात मुलीला गुण उत्तम होते, जागाही मिळाली होती. नॉन-क्रिमीलेयरचा दाखला वेळेत आला नाही आणि पूर्ण फी भरणं घराला झेपेना. ती आज शिकते आहे, पण दुसरंच काही. एका कागदाने तिचं शिक्षण वळवलं.

मुंबई विद्यापीठाच्या साध्या पदवी अभ्यासक्रमांसाठीही कॉलेजचा अर्ज भरण्यापूर्वी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रवेशपूर्व नोंदणी करावी लागते. ती मोबाईलवरून होते, गावी बसूनही होते. निघताना गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो आणि सही यांचे स्कॅन फोनमध्ये आणि घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्ये ठेवले की निम्मी धावपळ वाचते.

ज्यांना गाव नाही, त्यांच्यासाठी

सगळ्यांनाच गाव नसतं. कुणाची कामावरची रजा नसते, कुणाचं गाव दूर उत्तरेत असतं. त्या मुलांची सुट्टी मोबाईलच्या पडद्यावर जाते. पण आपल्या आसपास बघण्यासारखं खूप आहे आणि बहुतेक स्वस्तात आहे.

कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं. ही दोन्ही वाचनालयं आपल्या पणजोबांपेक्षाही जुनी आहेत. दोन महिन्यांची वर्गणी घालून मुलांना तिथे एकदा नेऊन सोडावं. कल्याणला काळ्या तलावाकाठची जुनी मशीद आणि खाडीवरचा दुर्गाडी किल्ला एका सकाळीत पाहून होतात. हे शहर सातवाहनांच्या काळापासून बंदर होतं आणि दूरदूरची गलबतं इथे लागत, हे मुलांना त्या खाडीकडे बोट दाखवूनच सांगावं.

ठाण्याच्या खाडीत 2015 साली 1,690 हेक्टरांचं फ्लेमिंगो अभयारण्य झालं, 2022 मध्ये तिला रामसर यादीत जागा मिळाली. ऐरोलीच्या केंद्रातून बोटीने रोहित पक्षी बघता येतात. मात्र पाऊस सुरू होण्याआधी हे पक्षी निघून जातात, तेव्हा मेच्या सुरुवातीलाच जावं. येऊरच्या जंगलात वन विभाग बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर प्राण्यांची नोंद घेतो. पुढे वन्यजीवांचं शिक्षण घेऊ पाहणाऱ्या मुलांनी त्याची चौकशी करून ठेवावी.

पक्ष्यांचा विषय निघाला की डॉ. सलीम अली आठवतात. 1896 साली मुंबईत जन्मलेला हा पोरका मुलगा. लहानपणी स्वतः पाडलेली एक वेगळीच चिमणी घेऊन तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत विचारायला गेला आणि तिथून त्याचं आयुष्य बदललं. जर्मनीत शिकून 1930 साली ते परतले तेव्हा हातात नोकरी नव्हती. ते किहीमच्या घरी जाऊन राहिले आणि तिथे सुगरण पक्ष्यांचा जो अभ्यास केला त्याने त्यांचं नाव झालं. किहीम म्हणजे आपलं कोकणच. रिकामे म्हणून मोजलेले महिने त्यांनी अंगणातल्या घरट्यांकडे बघण्यात घातले.

मकतब सकाळी असतो, ऊन दुपारी असतं. फज्रनंतरचे तीन-चार तास आणि असरनंतरचा वेळ हाताशी राहतो. एवढा पुरे. मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही त्यातला सारखाच वाटा मिळावा. भावाला क्रिकेटचं शिबिर आणि बहिणीला फक्त स्वयंपाकघर, अशी सुट्टी आपल्या घरात होत असेल तर यंदा ती मोडून पाहा.

गावाहून परतताना आंब्याच्या पेटीबरोबर पिशवीत दादांच्या शाळेचा एक कागदही असू द्या. आंबे आठ दिवसांत संपतील. त्या कागदावर, इन्शाअल्लाह, घरातली चार मुलं शिकतील.