वेगळं ताट

आमच्या ह्यांना मधुमेह निघाला तो निवृत्तीच्या वर्षी. उपाशीपोटी साखर १६८, आणि तीन महिन्यांचा हिशेब सांगणारी ती एचबीएवनसी ८.९. त्याच संध्याकाळी मी स्वयंपाकघराची फाळणी केली. एका शेगडीवर आमचं जेवण, दुसरीवर ह्यांचं: कारल्याचा रस, उकडलेला दुधी, कोरडी भाकरी. चार महिने हे एक अक्षर न बोलता जेवले. समोर आम्ही वरणभातावर तूप वाढून घेतोय, आणि सासूबाई पदर डोळ्यांना लावताहेत, असा तो देखावा.

एवढं करून साखर हलेना. जेवणानंतर दोन तासांनी बघावं, तर अडीचशेच्या वर!

हलणार कशी? भाकरी 'चालते' म्हटल्यावर मी तीन-तीन वाढत होते. चहातली साखर बंद करून गूळ घालत होते, जणू गूळ म्हणजे साखरेचा कोणी लांबचा नातेवाईक. आणि एकादशीला बटाटा घालून बशीभर साबुदाण्याची खिचडी. उपासाचंच ना ते!

मग ती चतुर्थी आली. ह्यांनी सकाळची गोळी घेतली आणि चंद्रोदयापर्यंत काही खायचं नाही म्हणून नुसत्या चहावर बसले. साडेअकराला हाक आली. जाऊन बघते तर अंग घामाने भिजलेलं, हात थरथरताहेत, बोलणं अडखळतंय. यंत्रावर आकडा ५४. अर्ध्या पेल्यात तीन चमचे साखर विरघळवून पाजली आणि पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघत बसले. त्या पंधरा मिनिटांत मला पहिल्यांदा कळलं, की गोळी आणि जेवण ही जोडी आहे. एकाला सोडून दुसऱ्याला चालता येत नाही. डॉक्टरांनी गोळीचा हिशेब नव्याने लावून दिला आणि आम्हाला आहारतज्ज्ञ बाईंकडे धाडलं.

बाईंनी कागद पुढे केला. म्हणाल्या, "तुमचं रोजचं ताट काढून दाखवा." मी काढलं. त्यांनी पोळी, भात, बटाट्याची भाजी, तिन्हींना लाल पेनाने एकच गोल केला. पुढे साबुदाणाही त्याच गोलात गेला. त्यात पिष्टाशिवाय जवळजवळ काही नसतंच. भाकरीसुद्धा तिथेच. शंभर ग्रॅम ज्वारीत ६५ ते ७० ग्रॅम पिष्ट असतं. भाकरी चांगलीच, पण एक.

मग नवं ताट ठरलं. अर्ध्यात भाजी आणि कोशिंबीर, पावभागात उसळ किंवा घट्ट वरण, उरलेल्या पावभागात भाकरी नाहीतर भात. मला गंमत वाटली ती ही, की यातलं एकही काही परकं नव्हतं. डावीकडे कोशिंबीर, उजवीकडे भाजी, हे आपल्या आज्यांनीच आखून ठेवलंय. आपण फक्त डावी बाजू बोटभर केली आणि मधला भात डोंगराएवढा. आता कोशिंबीर वाटीभर असते आणि आधी ती नि उसळ खायची, भात शेवटी. त्यामुळे साखर एकदम उसळत नाही. पोह्यांत पोहे निम्मे, निम्मी मोडाची मटकी आणि मटार. (सुरुवातीला मटकीने घरातल्या सगळ्यांचीच पोटं फुगली, हेही सांगून टाकते.)

आणि दुसरी शेगडी बंद झाली. सगळ्यांना तेच ताट. सून खूश, नातू नाखूश. सासूबाईंना मात्र 'अजून एक घे रे' म्हणायची सवय सोडणं फार जड गेलं. आता त्या तोच आग्रह कोशिंबिरीचा करतात.

सहा महिन्यांनी एचबीएवनसी ७.१ आली. आंब्याचं भांडण अजून मिटलेलं नाही. हे म्हणतात, मी भाकरी सोडतो, मला अख्खा हापूस दे. मी अर्ध्यावर अडून बसले आहे.