अमेरिकेहून परतताय? मोबाइल नंबर बंद करू नका, पण हलवण्याआधी हे करा

कोकणातल्या, मुंबईतल्या आपल्या बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी परदेशात असतं. आखातात जास्त, पण अमेरिकेतही काही. तिथून कायमचं परतायचं ठरलं की घर, गाडी, सामान सगळ्याची यादी होते. मोबाइल नंबर मात्र शेवटच्या दिवशी आठवतो. मग दर महिन्याचं बिल कशाला भरायचं, म्हणून लोक लाइन बंद करून टाकतात.

घोटाळा इथेच होतो. तिथल्या बँकेचा ओटीपी, निवृत्तीच्या पैशांचं खातं, टॅक्सचं काम, सगळं त्याच नंबरला जोडलेलं असतं. शिवाय बंद केलेला नंबर काही काळानं दुसऱ्याला दिला जातो. तुमचा कोड मग त्याच्या फोनवर जाऊ शकतो.

यावर एक मार्ग आहे. अमेरिकेतला मोबाइल नंबर 'गुगल व्हॉइस' या इंटरनेट सेवेवर हलवता येतो. त्यासाठी एकदाच २० डॉलर भरावे लागतात, दर महिन्याचं बिल नाही. पुढे रत्नागिरीत बसूनही वायफायवर त्याच नंबरचे कॉल आणि मेसेज ॲपमध्ये येतात.

कसं करायचं?

१. अमेरिकेत असतानाच सुरुवात करा. गुगल व्हॉइसचं खातं उघडायला तिथला नंबर लागतो.

२. जुनी लाइन आधी बंद करू नका. हलवताना नंबर चालूच असावा लागतो. तो हलला की कंपनीकडची त्या नंबरची सेवा आपोआप संपते. फॅमिली प्लॅन असेल किंवा हँडसेटचे हप्ते बाकी असतील, तर बिलाचं काय होईल ते आधीच विचारून घ्या.

३. मोबाइल कंपनीकडून खाते क्रमांक आणि नंबर हलवण्याचा पिन घ्या. नंबरवर 'लॉक' लावलेलं असेल तर ते काढा.

४. गुगल व्हॉइसच्या सेटिंगमध्ये जाऊन अर्ज भरा. मोबाइल नंबर हलायला साधारण २४ तास लागतात, मेसेज नीट सुरू व्हायला आणखी दोन-तीन दिवस लागू शकतात. म्हणून विमानाच्या आदल्या रात्री हे काम काढू नका, निदान दोन-तीन आठवडे हाताशी ठेवा.

सर्वात मोठी अडचण: ओटीपी

नंबर वाचला म्हणजे ओटीपीही येत राहील, असं समजू नका. अनेक बँका इंटरनेटवरच्या नंबरला कोड पाठवत नाहीत. म्हणून नंबर हलवण्याआधी प्रत्येक बँकेत आणि खात्यात लॉगिन करा. जिथे सोय असेल तिथे एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप किंवा ईमेलवर कोड येईल असं करून ठेवा. सोय नसेल तर बँकेला फोन करून परदेशातून लॉगिन कसं करायचं ते विचारा. हे झाल्यावरच नंबरला हात लावा.

गुगलच्या खात्यालाही मजबूत पासवर्ड आणि दुहेरी सुरक्षा लावा. आता तुमचा नंबर त्या एका खात्यात आहे. खातं गेलं तर नंबरही गेला.

मुलगा किंवा मुलगी तिकडेच राहणार असेल तर त्यांना हेही सांगा, की गुगल व्हॉइसच्या घरगुती खात्यावरून ९११ हा आपत्कालीन नंबर लागत नाही. तिथे राहणाऱ्याकडे साधा मोबाइल हवाच.

आणखी एक फसवणूक ओळखून ठेवा. ऑनलाइन जुनं सामान विकताना समोरचा म्हणतो, "तुम्ही खरे आहात का बघायला एक कोड पाठवलाय, तो सांगा." तो सहा अंकी कोड दिला की तुमच्या नंबरच्या आधारे तो स्वतःचं गुगल व्हॉइस खातं उघडतो आणि पुढे त्यावरून इतरांना फसवतो. कोड कुणालाच सांगायचा नाही.

भारतातल्या नंबरचं काय?

इथला नंबर गुगल व्हॉइसवर जात नाही. १९०० वर मेसेज करून होणारं पोर्टिंग फक्त एका मोबाइल कंपनीतून दुसऱ्या कंपनीत होतं. त्यामुळे आखातात किंवा अमेरिकेत असणाऱ्यांनी भारतातलं सिम चालू ठेवावं. प्रीपेड सिम सलग ९० दिवस वापरलं नाही तर बंद होऊ शकतं. अब्बांच्या पेन्शनचं किंवा अम्मीच्या बँकेचं खातं त्या नंबरला जोडलेलं असेल, तर रिचार्जची तारीख घरातल्या एकानं तरी लक्षात ठेवावी.