एकसष्टचा हट्ट

एखाद्या संख्येचा वर्ग करा, 61 ने गुणा, 1 मिळवा. उत्तर पुन्हा पूर्ण वर्ग यायला हवं. 61 ऐवजी 60 असता तर 4 वरच काम फत्ते: 960 अधिक 1, म्हणजे 31 चा वर्ग. 62 ला 8 पुरतात. 61 मात्र हट्टी. त्याला लागणारी सर्वांत लहान संख्या आहे 22,61,53,980, आणि पलीकडे वर्ग येतो 1,76,63,19,049 चा. ताळा दुकानातल्या बारा आकडी कॅल्क्युलेटरवर करू नका. वर्ग एकोणीस आकडी आहे. मी वहीतच केला, एकदा हातचा चुकून.

हे उत्तर 1150 च्या सुमारास भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त आलं. ते काढायची चक्रवाल पद्धत त्यांच्याआधीची. 8 चा वर्ग 61 पेक्षा 3 ने जास्त, तिथून निघून तो फरक फिरवत फिरवत 1 वर आणायचा. फ्रेंच गणिती फर्मानं युरोपातल्या गणितींना हाच 61 कोडं म्हणून घातला तो 1657 मध्ये!

चाळीसगावजवळ पाटणला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद त्यात आहे. तिथे पाटणादेवीच्या दर्शनाला जाणारे बरेच जण मात्र धबधबा पाहूनच परततात.

आणखी एक गंमत: 22,61,53,980 म्हणजे 2 × 29,718 × 3,805. आता 3,805 चा वर्ग 61 ने गुणून त्यातून 1 वजा करा. 29,718 चा वर्ग हाती येतो.