विश्लेषण : दूरशिक्षणातून रसायनशास्त्र शिकणाऱ्यांना स्वतःचे मंडळ का हवे?

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यात राहून, शेती वा नोकरी सांभाळत दूरशिक्षणातून विज्ञान शिकता येते. पुस्तके घरी वाचता येतात, व्याख्याने मोबाइलवर पाहता येतात. गाडी अडते ती ब्युरेटपाशी. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आपले छोटे मंडळ सुरू केले, तर ही अडचण बरीच कमी होऊ शकते.

प्रात्यक्षिक घरबसल्या का होत नाही?

प्रयोगशाळेची अट असलेले अभ्यासक्रम पूर्णपणे ऑनलाइन चालवण्यास यूजीसीच्या २०२०च्या नियमांनी मनाई केली आहे. दूरशिक्षणात ते चालतात. पण प्रात्यक्षिकासाठी अभ्यासकेंद्रावर हजर राहावे लागते. ‘इग्नू’च्या हिशेबात एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. म्हणजे दोन श्रेयांकांच्या प्रात्यक्षिकाला ६० तास. मुरबाड एमआयडीसीतील कंत्राटी कामगारासाठी यातला प्रत्येक दिवस म्हणजे बुडालेला रोज. त्यामुळे प्रयोगशाळेत मिळालेला वेळ वाया घालवणे परवडत नाही.

मंडळाने नेमके करायचे काय?

व्याख्याने भरवण्याचा मोह टाळावा. ती ‘स्वयम’वर आहेत. मंडळाचे खरे काम प्रात्यक्षिकाच्या आधीचे. आम्ल-आम्लारी अनुमापनच घ्या. ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड, खाली आम्ल आणि दर्शक म्हणून फिनॉल्फ्थॅलिन असेल, तर फिकट गुलाबी रंग साधारण अर्धा मिनिट टिकला की थांबायचे. रंग गडद झाला, तर वाचन चुकले. हे पुस्तकात असतेच. पण थेंब कधी सोडायचा, डोळा कुठल्या पातळीवर ठेवायचा, गणित कसे मांडायचे, हे कुणाशी तरी बोलल्यावर पक्के होते. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी आमच्यापैकी अनेकांनी शेजारच्याचे पाहूनच हे उचलले. दूरशिक्षणात तो शेजारीच नसतो. आधीच्या वर्षाचे विद्यार्थी ही जागा भरू शकतात. प्रयोगाच्या पायऱ्या केंद्र सरकारच्या ‘व्हर्च्युअल लॅब्स’वर आधी एकत्र पाहता येतात, मात्र तो हजेरीला पर्याय नव्हे.

घरी कोणते प्रयोग चालतील?

ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचे पहिले विद्यार्थी १९७१ मध्ये शिकू लागले, तेव्हा विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना प्रयोगाचे साहित्य टपालाने घरी पाठवले जाई. आपल्याकडे किमान स्वयंपाकघर आहे. हळद साबणाच्या पाण्यात लालसर होते. जास्वंदीचा अर्क आम्लात गडद गुलाबी, तर आम्लारीत हिरवट दिसतो. स्केचपेनच्या शाईतील रंग गाळणकागदावर वेगळे करता येतात. विहीर, बोअरवेल आणि पावसाच्या पाण्यात सारखेच साबणद्रावण टाकून फेस तपासला, तर पाण्याच्या कठीणपणाचा धडा गावातच शिकता येतो.

तीव्र आम्ले मात्र घरी आणू नयेत. शौचालय साफ करण्याचे आम्ल आणि ब्लीच चुकूनही एकत्र करू नये. त्यातून क्लोरिन वायू निघतो.

भेटायचे कुठे?

नकाशावर दोन्ही तालुके शेजारी आहेत, पण प्रवासाचे गणित वेगळे. शहापूरकरांना आसनगावहून लोकल मिळते. मुरबाडकर एसटीने कल्याण गाठतात. त्यामुळे ‘दोघांनाही जवळ’ म्हणून कल्याण निवडले जाते आणि टोकावडे किंवा डोळखांबच्या विद्यार्थ्याचा दिवस मोडतो. त्याऐवजी एकदा किन्हवली, एकदा सरळगाव असे आळीपाळीने भेटावे. शाळा किंवा ग्रामपंचायतीची खोली रविवारी मागून पाहावी. विद्यार्थिनींना अंधार पडण्याआधी घरी पोहोचता येईल अशीच वेळ ठेवावी. नाही तर दुसऱ्या बैठकीपासून त्या येत नाहीत आणि त्यांनी विषय सोडला, असे आपणच म्हणतो.

नोंदणी गरजेची आहे का?

अभ्यासगटाला नाही. देणग्या आणि संस्थेच्या नावाचे बँक खाते हवे असेल तेव्हा विचार करावा. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार किमान सात सदस्य लागतात. महाराष्ट्रात अशा संस्थेची १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदणी होते. त्यानंतर दरवर्षी हिशेब आणि कागदपत्रे आलीच. सुरुवातीला एक वही, वर्गणीची नोंद आणि प्रात्यक्षिकांच्या तारखांचा तक्ता एवढे पुरते. पहिली बैठक मात्र प्रात्यक्षिकाच्या निदान दोन आठवडे आधी घ्यावी. रजेचा अर्ज तेव्हाच द्यावा लागतो.