कचारगड : गुहा, गोंगो आणि गोतावळा

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, सालेकसा तालुक्यात, छत्तीसगडच्या हद्दीजवळ कचारगड आहे. १ मे १९९९ पूर्वी हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. मुंबई-हावडा लोहमार्गावरच्या दरेकसा स्थानकात उतरायचं, धनेगाव गाठायचं आणि पुढे जंगलातून डोंगर चढायचा. नावात गड असला, तरी लोक येतात ते नैसर्गिक गुहेसाठी. ती आशियातली सर्वांत मोठी असल्याचं सर्रास सांगितलं जातं. व्हिएतनाममधल्या सोन डूंग गुहेपुढे हा दावा टिकत नाही. कचारगडचं मोठेपण मापात नाहीच.

गोंडी परंपरेनुसार माता कली कंकालीची ३३ मुलं या गुहेत कोंडली गेली होती. गोंडांचे आद्य धर्मगुरू पहांदी पारी कुपार लिंगोनं देवी जंगो रायताडच्या साथीनं त्यांच्या सुटकेचा घाट घातला. हिरासुका पाटालीरानं किंगरी हे तंतुवाद्य छेडलं, त्या सुरांनी मुलांच्या अंगात बळ संचारलं आणि दारावरची शिळा ढळली. तिच्याखाली सापडून वादक मात्र गेला. पुढे लिंगोनं याच मुलांना कोया पुनेम म्हणजे गोंडी धर्माची शिकवण दिली, गोत्रव्यवस्था बसवली. म्हणून इथल्या माघ पौर्णिमेच्या यात्रेला मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातूनही गोंड कुटुंबं येतात, गोंगो म्हणजे पूजा करतात. नागपूरचे गोंडी अभ्यासक मोतीरावण कंगाली यांनी या परंपरेवर विस्तारानं लिहिलं आहे.