कापसाला कापसाचेच पांघरूण : घरी शिवलेली ताडपत्री

सीतादही होऊन पहिली वेचणी सुरू झाली की यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्याचे लक्ष बोंडांइतकेच आभाळाकडे लागलेले असते. मोसमी पाऊस ऑक्टोबरात परततो खरा; परंतु बंगालच्या उपसागरात वादळ उठले की वणी, पांढरकवडा, राळेगाव या भागांत ऐन वेचणीत आभाळ भरून येते. त्या वेळी वेचलेला कापूस अंगणात, बंडीवर किंवा बाजाराच्या आवारात उघडा असेल, तर एका सरीने वर्षभराच्या कष्टाचे मोल उतरते.

ओल्या गंजीत उष्णता वाढते, रुई पिवळी पडते आणि सरकीची उगवणशक्ती घटते. शिवाय ओलाव्याचा हिशेब थेट भावात होतो. १९७० साली स्थापन झालेले भारतीय कापूस महामंडळ हमीभावाने खरेदी करताना ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असलेल्या चांगल्या प्रतीच्या कापसास पूर्ण भाव देते. त्यापुढे ओलाव्याच्या प्रमाणात भाव कमी होतो आणि १२ टक्क्यांवरील माल स्वीकारला जात नाही.

या संकटावर प्लास्टिकचा कागद हा स्वस्त व सहज मिळणारा उपाय होय. परंतु त्यात दोन दोष आहेत. त्याखाली हवा खेळत नसल्यामुळे आतून घाम धरतो. दुसरे असे की, उन्हाने जीर्ण झालेल्या विणीच्या प्लास्टिकचे धागे सुटून कापसात मिसळतात. हे धागे जिनिंगमध्ये तुटून रुईत जातात, पुढे रंग घेत नाहीत आणि विणलेल्या कापडात डागासारखे दिसतात. म्हणून कापसावर कापसाचेच पांघरूण असणे इष्ट.

जाड सुती कॅनव्हासचा गुण असा की, पाणी लागताच त्याचे सूत फुगते आणि विणीतील छिद्रे आवळली जातात. कोकणच्या किनाऱ्यावर गलबतांची शिडे अशाच जाड सुती कापडाची असत व खलाशी ती दाभणाने स्वतः शिवीत. तीच रीत शेतकऱ्यास घरी करता येण्याजोगी आहे.

कापड दर चौरस मीटरला सुमारे ४०० ग्रॅम वजनाचे घ्यावे. ९० सेंटिमीटर पन्ह्याचे २५ मीटर कापड घेतल्यास ५ मीटर लांबीचे पाच पट्टे निघतात. शिवणी व काठ यांत जाणारे कापड वजा जाता सुमारे ४ मीटर रुंद व पावणेपाच मीटर लांब ताडपत्री तयार होते. कोरे कापड पहिल्या पाण्यात आटते. सबब ते आधी भिजवून, वाळवून मगच मापावे आणि आटीपुरते कापड जास्त घ्यावे.

दोन पट्टे जोडताना प्रत्येकाची कड अडीच सेंटिमीटर दुमडावी. एकीची दुमड वर व दुसरीची खाली घेऊन त्या एकमेकींत अडकवाव्यात आणि दोन्ही बाजूंनी टाक्यांची एकेक ओळ घालावी. गावच्या शिंप्याच्या साध्या यंत्राला कॅनव्हासचे चार पदर झेपत नाहीत. म्हणून दाभण वापरावे. मात्र ते दोऱ्याला पुरेल इतकेच बारीक असावे. तळहाताला चामड्याचा तुकडा बांधल्यास दाभण रेटणे सोपे जाते. दोरा सुतीच घ्यावा व त्यास मेण लावावे. तो ओला होताच फुगतो आणि दाभणाचे भोक बुजवितो. चारही काठ दुहेरी दुमडून आत दोर घालावा आणि अर्ध्या अर्ध्या मीटरवर पितळी कड्या बसवाव्यात. कोपऱ्यांना कापडाचे जादा तुकडे लावावेत, कारण वाऱ्याचा सारा ताण तेथेच येतो.

पाणी अधिक न शोषले जावे म्हणून साबण व तुरटीचा उपाय जुना व सोपा आहे. दर लिटर ऊन पाण्यात ५० ग्रॅम साबण विरघळवून ताडपत्री त्यात भिजवावी. ती निथळून थोडी सुकली की तितक्याच तुरटीच्या पाण्यातून काढावी. सूतात पाण्यात न विरघळणारा थर बसतो. त्यासाठी वडीचा साबणच हवा. धुण्याच्या पावडरीने हे साधत नाही. जवसाचे तेल मात्र कधीही लावू नये. ते लावलेले कापड घडी करून ठेवल्यास आपोआप तापते व पेट घेऊ शकते. कापसाच्या गंजीशेजारी हा धोका पत्करणे म्हणजे घरात निखारा ठेवणे होय.

ताडपत्री कापसावर थेट टाकू नये. भिजलेला कॅनव्हास जेथे टेकतो तेथून पाणी झिरपते. म्हणून बंडीवर बांबूच्या कमच्यांची कमान व गंजीवर आडवा बांबू देऊन ती ताणून बांधावी. शिवणी उताराच्या दिशेने ठेवाव्यात, म्हणजे पाणी अडत नाही. ऊन पडताच कड वर उचलून कापसाला वारा द्यावा. ओला कापूस मात्र झाकण्यापूर्वी वाळविलाच पाहिजे.

हंगाम संपल्यावर ताडपत्री पूर्ण वाळवून, उंदरांपासून दूर टांगून ठेवावी. ओली घडी केल्यास काळी बुरशी चढून सूत कुजते. प्लास्टिकपेक्षा तिचा पहिला खर्च जास्त येतो, हे खरे. तथापि दोन-तीन घरांनी मिळून कापड घेतले, उन्हाळ्याच्या सवडीत घरच्या माणसांनी ती शिवली आणि फाटल्या जागी वेळीच ठिगळ दिले, तर ती अनेक हंगाम टिकते. शेतात पिकलेल्या पांढऱ्या सोन्याचे रक्षण त्याच्याच धाग्याने करावे, यात शेतकऱ्याचे हितच आहे.