सिनेमाबाहेरची दहा वर्षं

३१ मे २०२२ च्या संध्याकाळी कोलकात्याच्या नजरुल मंचावर एका कॉलेजच्या कार्यक्रमात गायक केके गात होता. शेवटी त्याने ‘पल’ घेतलं, आणि कार्यक्रम आटोपून हॉटेलवर गेल्यावर थोड्याच वेळात तो गेला. बातमी आली तेव्हा चाळिशी ओलांडलेल्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर रात्रभर तेच गाणं फिरत होतं. त्यात नवल नाही. ‘पल’ हा अल्बम १९९९ चा, म्हणजे या मंडळींच्या ऐन कॉलेजच्या दिवसांतला. नवल वाटलं ते त्या सभागृहातल्या चित्रफिती बघताना. हात वर करून गाणारी पोरं विशीच्या आतबाहेरची होती. अल्बम बाजारात आला तेव्हा त्यांतली बरीचशी जन्मलीही नसतील.

तरुणपणी ऐकलेली गाणी जन्मभर का चिकटून राहतात, यावर संशोधकांनी बरंच काम केलेलं आहे. मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या दोघा अमेरिकी प्राध्यापकांनी १९८९ मध्ये एक साधा प्रयोग छापला. १६ ते ८६ वयाच्या १०८ माणसांना त्यांनी १९३२ ते १९८६ या काळातल्या २८ लोकप्रिय गाण्यांचे तुकडे ऐकवले आणि कोणतं किती आवडलं ते विचारलं. सर्वाधिक पसंती मिळाली ती, ऐकणारा साधारण २४ वर्षांचा असताना गाजलेल्या गाण्यांना. पुढे २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेट्र जनाटा यांनी मेंदूची छायाचित्रं घेऊन दाखवलं, की ओळखीचं गाणं आणि त्याला बांधलेली स्वतःच्या आयुष्यातली आठवण यांची गाठ कपाळामागच्या भागात पडते. विशीच्या आसपास पहिली नोकरी, पहिलं प्रेम, पहिलं स्वतंत्र बिऱ्हाड असं सगळं एकदमच येतं, आणि तेव्हा कानावर जे पडत असतं ते त्या सगळ्याबरोबर आत जातं. गाणं चांगलं असायलाच हवं, अशी मेंदूची अट नाही.

हे मला पटतं, पण नव्वदच्या दशकातल्या इंडीपॉपला, म्हणजे सिनेमाबाहेरच्या पॉप गाण्यांना, ते पुरत नाही. कारण त्याच वयात आम्ही सिनेमाची गाणीही ऐकली, आणि मोजून दसपट अधिक ऐकली. तरीही लकी अलीच्या १९९६ च्या ‘ओ सनम’ची सुरुवातीची गिटार वाजली की पोटात जे होतं, ते त्या वर्षीच्या कुठल्याही गाजलेल्या चित्रपटगीताने होत नाही. का होत नाही, हे समजायला ही गाणी आली कशी ते आधी पाहावं लागेल.

१९९१ मध्ये स्टार टीव्हीच्या उपग्रह वाहिन्या आल्या. गच्चीगच्चीवर डिश लागल्या आणि पहिल्या आठवड्यात वसुलीला येणारा केबलवाला हा सोसायटीतला महत्त्वाचा माणूस झाला. स्टारबरोबर एमटीव्ही आला, १९९४ मध्ये तो वेगळा झाल्यावर त्याच्या जागी चॅनेल व्ही आला, आणि १९९६ मध्ये एमटीव्ही परतला तो निम्मी हिंदी बोलतच. या वाहिन्यांना चोवीस तास गाणी हवी होती. निव्वळ परदेशी व्हिडिओंवर भारतातला मोठा प्रेक्षक बसेना, आणि चित्रपटगीतांचं दुकान तर दूरदर्शन आणि झीने आधीच मांडलेलं होतं. मग मॅग्नासाउंडसारख्या कंपन्यांनी सिनेमाच्या बाहेरचे गायक धरून अल्बम काढले, त्यांचे चारचार मिनिटांचे व्हिडिओ केले आणि वाहिन्यांची भूक भागवली. आता गाण्याला गाणाऱ्याचा चेहरा मिळाला. लताबाईंचा आवाज आपण नर्गिस ते काजोल अशा सगळ्यांच्या ओठांवर पाहिला. ‘मेड इन इंडिया’ गाणारी अलिशा मात्र स्वतःच राजकन्या होऊन सिंहासनावर बसली.

‘मेड इन इंडिया’ १९९५ चं. संगीत बिद्दूचं. १९८१ मध्ये नाझिया हसनकडून ‘डिस्को दीवाने’ गाऊन घेणारा तोच हा बिद्दू, म्हणजे या सगळ्याचं बी त्याने आधीच पेरलेलं होतं. व्हिडिओ केन घोषचा. राजकन्या देशोदेशींचे वर नाकारते आणि शेवटी लाकडी खोक्यातून मिलिंद सोमण बाहेर येतो. शिवाजी पार्कात वाढलेला, पोहण्यात राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेला सोमणांचा मुलगा असा उघड्या अंगाने खोक्यातून निघतो म्हटल्यावर मराठी घरांतल्या बैठकीच्या खोलीत किती खोकले आले असतील, याची कल्पना करा.

सगळं काही उच्च दर्जाचं होतं, असं मी म्हणणार नाही. बाबा सहगलचं ‘ठंडा ठंडा पानी’ १९९२ मध्ये लोकांनी डोक्यावर घेतलं, पण त्याची चाल उचललेली होती व्हॅनिला आइसच्या गाण्यावरून, आणि त्याने तिचा पाया उचललेला क्वीन आणि डेव्हिड बोवी यांच्याकडून. चोरावर मोर! दलेर मेहंदीला त्याच्या गाण्यांपेक्षा व्हिडिओतल्या मुलीच खपवतात असं टीकाकार म्हणू लागले, तेव्हा त्याने १९९८ मध्ये ‘तुनक तुनक तुन’च्या व्हिडिओत एकही मुलगी घेतली नाही; निळ्या पडद्यावर चित्रण करून स्वतःच चार रंगांचे चार दलेर नाचवले. एवढं सुरेख उत्तर मी कुठल्या समीक्षेच्या पुस्तकात वाचलेलं नाही.

माझ्या मते या दशकाची खरी कमाई तीन-चार आवाज. पहिला अर्थातच लकी अली. १९९६ च्या ‘सुनो’मधला तो किंचित खरखरीत, श्वास ऐकू येणारा, सुराच्या कडेकडेने चालणारा आवाज त्या काळच्या कुठल्याही संगीतकाराने नायकाला दिला नसता. दुसरे कलोनियल कझिन्स, म्हणजे हरिहरन आणि लेस्ली लुईस. आलापीला गिटारच्या शेजारी बसवताना दोघांपैकी कुणीही लाजलं नाही. तिसरा ‘डूबा डूबा’वाला मोहित चौहान. आणि १९९८ चं ‘ब्रेथलेस’ गाणारा चेंबूरचा शंकर महादेवन. ते एका श्वासात रेकॉर्ड केलेलं नाही हे त्यानेच पुढे सांगून टाकलं, पण तोवर प्रत्येक कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ते अख्खं पाठ म्हणून लालबुंद होणारा एक तरी मुलगा तयार झालेला होता.

ही गाणी घरी यायची कॅसेटवर. मूळ कॅसेट सगळ्यांना परवडायची नाही, मग कोरी कॅसेट घेऊन दुकानात यादी द्यायची आणि गाणी भरून आणायची. साठ मिनिटांची घ्यायची की नव्वदची, यावर घरात चर्चा. नव्वदच्या कॅसेटची फीत पातळ, ती डेकमध्ये अडकायची. मग पेन्सिल घालून रीळ गुंडाळत बसा. पाठीवरची प्लॅस्टिकची टिकली मोडली की कॅसेटवर दुसरं काही भरता येत नसे, आणि मोडल्यावर पस्तावलात तर त्या भोकावर चिकटपट्टी. नको असलेलं गाणं ओलांडायचं तर अंदाजाने पुढे पळवायचं आणि नेमकं पुढच्याच्या मध्यावर थांबायचं, त्यामुळे नावडतं गाणंही आपण मुकाट ऐकून घ्यायचो. आज त्या नावडत्याच गाण्यांची चाल आधी आठवते.

२००२-०३ च्या सुमारास हे सगळं आटोपलं. मरण एका कारणाने आलं नाही. रस्त्याकडेला एका एमपीथ्री सीडीत शंभरावर गाणी मिळू लागल्यावर अल्बम विकत घेणं हा मूर्खपणा ठरला. निर्माते आपल्या सिनेमांची गाणी संगीतवाहिन्यांवर ओतू लागले आणि वाहिन्यांना तयार, तारांकित माल मिळाला. आणि २००२ मध्ये ‘काँटा लगा’ आलं. १९७२ च्या ‘समाधी’तल्या लताबाईंच्या गाण्याचं ते रीमिक्स. ना नवा कवी लागत होता, ना नवी चाल. जुनं गाणं, नवा ठेका आणि नाचणारी मुलगी एवढ्यावर भागत होतं. नव्या गायकावर पैसे कोण लावणार? २००५ मध्ये पहिला इंडियन आयडल झालेला मुंबईचा अभिजित सावंत आपला अल्बम घेऊन आला, घराघरांत वाजला, पण तोवर गायकांनी पॉपस्टार व्हायचं स्वप्न सोडून पार्श्वगायनाची वाट धरलेली होती. मोहित चौहान, केके, शान, लकी अली, सगळेच कमीअधिक प्रमाणात सिनेमात गेले.

इथेच मला त्या पोटात होणाऱ्या कालवाकालवीचं कारण दिसतं. चित्रपटगीत मरत नाही. ते रेडिओवर ‘आपली आवड’मध्ये लागतं, लग्नाच्या बँडवर वाजतं, अंताक्षरीत येतं, दहा वर्षांनी मुलांच्या स्नेहसंमेलनात नाचायला घेतात. प्रत्येक वेळी त्याला नवी आठवण चिकटते, आणि इतक्या आठवणी एकाच दोरीला लोंबू लागल्या की त्यांतली कुठलीच नीट वर ओढता येत नाही. स्मृतीचे अभ्यासकही हेच सांगतात: एका खुणेला जितक्या जास्त गोष्टी जोडलेल्या, तितकी ती खूण दुबळी. इंडीपॉप मधेच तुटलं. पुढची पंधरा-वीस वर्षं ते कुणी फारसं वाजवलंच नाही. झाकण घट्ट लावून माळ्यावर ठेवलेल्या बरणीतलं लोणचं जसं सारखा हात न लागल्याने टिकतं, तशी ती गाणी टिकली. ‘ओ सनम’ला माझ्याकडे एकच वर्ष जोडलेलं आहे, म्हणून ते थेट तिथेच नेऊन सोडतं.

२०२० च्या शेवटाला, टाळेबंदीने सगळे पिचलेले असताना, साठी ओलांडलेला लकी अली गोव्यात हरमलला मोजक्या लोकांपुढे गिटारवर तेच गाणं गाताना दिसला आणि ती चित्रफीत देशभर फिरली. पांढरी दाढी, आवाज तसाच. उलट २०२२ मध्ये फाल्गुनी पाठकच्या १९९९ च्या ‘मैंने पायल है छनकाई’ची नवी आवृत्ती निघाली तेव्हा लोक अक्षरशः चिडले. नवं गाणं वाईट होतं म्हणून एवढा राग येत नाही. कुणीतरी न विचारता बरणीत हात घातला, हा तो राग होता.

राहिली ती कोलकात्याची मुलं. त्यांचंही उत्तर एका प्रयोगात सापडतं. कॉर्नेल विद्यापीठाच्या कॅरल क्रुमहान्सल यांनी २०१३ मध्ये विशीतल्या मुलांना साडेपाच दशकांतली गाणी ऐकवली, तर स्वतःच्या काळाबरोबर आईवडिलांच्या तरुणपणाच्या गाण्यांनाही त्यांच्या मनात ठळक जागा निघाली. आजीआजोबांच्या काळालाही थोडी. घरात, गाडीत मोठ्यांनी जे लावलं ते मुलांत उतरलं. केकेच्या गाण्यांना तर आणखी एक वाट मिळाली. ‘पल’ अल्बममधलंच मैत्रीवरचं ‘यारों’ शाळा-कॉलेजांच्या निरोपसमारंभांत शिरलं आणि दर वर्षी नवी तुकडी ते गाऊ लागली. त्या गाण्याला आता १९९९ आठवत नाही, निरोप आठवतो.

मराठीत हेच ‘गारवा’चं झालं. मिलिंद इंगळेचे सूर, सौमित्रच्या कविता, अधूनमधून त्याचंच बोलणं, असा तो अल्बम १९९८ मध्ये आला तेव्हा मराठी भावगीताने प्रथमच जीन्स घातल्यासारखं वाटलं होतं. २००२ मध्ये अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत यांचं ‘ऐका दाजिबा’ आलं आणि वराती त्यावर नाचल्या. दोन्ही सिनेमाबाहेरची, दोन्ही त्याच लाटेतली. पण ‘दाजिबा’ वाजलं की मला हमखास एका चुलतभावाचं लग्न दिसतं, आणि ‘गारवा’ वाजलं की काहीच दिसत नाही. पहिली सर आली की रेडिओवाले ते लावतात, भजीवाल्याच्या मोबाइलवर ते असतं, घाटात गाडी थांबवून पोरं त्यावर रील करतात. माझी सतरा वर्षांची भाची ते ‘आपलं’ गाणं म्हणून मला ऐकवते, आणि मी ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा चेहरा करतो.